फ्लॅश शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

लग्नाच्या कामांवर सोबत नेऊन तुम्ही मला फ्लॅश शिकवलात. त्याचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

फ्लॅशच्या फोटोत दोन एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उतरणाऱ्या उजेडाची दोन मोजमापं, असतात, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगितलंत. एक फ्लॅशच्या उजेडाचं, दुसरं मांडवातल्या उजेडाचं. फ्लॅश इतका क्षणभर पेटतो की शटर (कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहण्याचा वेळ) १/६० सेकंद ठेवा नाहीतर १/२००, नवरीच्या चेहऱ्यावरचा फ्लॅश तेवढाच राहतो; कमीजास्त होतात ते मागचे दिवे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) मात्र दोन्ही उजेडांवर चालतात. एवढं डोक्यात बसलं आणि मोडचा गुंता सुटला.

पी मोडवर (सगळं कॅमेराच ठरवतो) कॅमेरा शटर सहसा १/६० च्या खाली जाऊ देत नाही. चेहरा स्वच्छ येतो, मागचा मांडव काळा पडतो. कॅननच्या एव्ही मोडवर (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) उलटं: कॅमेरा आधी मांडवाचा उजेड मोजतो, शटर पार अर्ध्या सेकंदापर्यंत उतरतं आणि हातातल्या कॅमेऱ्याने दिवे फरफटतात. मेनूत ते १/६० ला रोखता येतं, हे तुम्ही शेजारी बसून दाखवलंत. निकॉनच्या ए मोडवर (तिथला एव्ही) स्लो सिंक (फ्लॅशसोबत संथ शटर) निवडल्याशिवाय ही वेळ येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पण खरं शिक्षण झालं ते गोरज मुहूर्तावर. त्या वेळी उजेड मिनिटामिनिटाला उतरतो. कॅमेरा एम वर (सगळं आपण हाताने ठरवायचं), फ्लॅश टीटीएल वर (त्याची ताकद आपोआप ठरते). सूर्य असेतो शटर १/२००, मग १/१२५, मग १/६०. आकाशाची निळाई टिकते आणि चेहऱ्याचं फ्लॅश सांभाळून घेतो. अंतरपाट सरकण्याआधी तुम्ही आयएसओ वाढवायला लावायचात. फ्लॅशला कमी ताकद लागली की त्याचा झोत आणखी कमी वेळ पेटतो, हवेतल्या अक्षता टिपल्या जातात, आणि पुढच्या फोटोसाठी तो लवकर भरतो. पिवळ्या बल्बांच्या मांडवात फ्लॅशवर नारिंगी जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बांच्या सेटिंगवर, ठेवायची तुमची सवय आता माझीही झाली आहे.

एका बाबतीत माझं मत तुमच्याहून वेगळं आहे. तुम्ही भर दुपारच्या हळदीलाही एम सोडत नाही. मला तिथे एव्ही बरा वाटतो: आयएसओ १००, एफ/११, शटर आपसूक १/२०० च्या आसपास, फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. डोळ्यांखालची सावली भरून निघते आणि ढग आला-गेला तरी माझं लक्ष माणसांवर राहतं. हाय स्पीड सिंक (फ्लॅशसोबत आणखी वेगवान शटर) लावून अ‍ॅपर्चर उघडताही येतं, पण त्यात फ्लॅशची ताकद फार जाते. मोठ्या घोळक्याला तो पुरत नाही. हे सगळं पडताळून पाहण्याइतकी समजही तुमच्याचकडून आली, म्हणून लिहिण्याचं धाडस केलं.

तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतील. माझ्याकडे नवीन शिकायला आलेली एक मुलगी आहे, तिला गोरजाच्या एखाद्या लग्नाला तुमच्यासोबत पाठवू का? कळवा.

आपला,
एक विद्यार्थी