खाडी दारात आणि पोरं तक्ते पाठ करतायत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परिसंस्थेचा धडा शाळेत कसा शिकवतात याबद्दल लिहायचंय. वहीत दोन रकाने, एकात झाड, मासा, बगळा, दुसऱ्यात माती, पाणी, हवा, ऊन, सजीव निर्जीव वेगळे केले की धडा संपला आणि पोरांना पैकीच्या पैकी मार्क. पण या दोन रकान्यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे कोणी विचारतच नाही, आणि परिसंस्था म्हणजे तर तेच नातं ना!

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाणे खाडी इथून चालत जाण्यासारखी. 2015 साली ती फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मधे रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तरी आपल्या पोरांना परिसंस्था म्हटलं की पुस्तकातलं तळं आणि त्यातलं कमळच आठवतं.

ओहोटीच्या वेळी मुलांना काठावर नेऊन उभं करा, पहिला प्रश्न येतो, एवढा घाण वास का येतो? मला वाटतं धडा इथूनच सुरू करावा. त्या काळ्या चिखलात आत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू सडलेली पानं कुजवतात आणि त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस निघतो. चिखलात हवा नाही म्हणूनच तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडाची मुळं पेन्सिली खोचल्यासारखी वर येतात, श्वास घ्यायला. तिवराचं पान उन्हात जवळून बघितलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, मुळांवाटे आत आलेलं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. निवटी मासा चिखलावर उड्या मारत फिरतो, ओल्या कातडीतून पण श्वास घेतो, चिखल वाळला तर त्याचं काही खरं नाही. म्हणजे मीठ, चिखल, हवा, भरती-ओहोटी, ज्यांना आपण निर्जीव म्हणून एका रकान्यात टाकून मोकळे होतो, तेच ठरवतात की इथे कोण जगणार.

आणि पडलेलं पान कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्या मुलीने हे विचारलं होतं, तेव्हा तिला पुस्तकात असेल ते लिही असं सांगितलं गेलं. खरं तर किती छान प्रश्न आहे हा! ते पान खेकडे कुरतडतात, जिवाणू आणि बुरशी कुजवतात, त्याचा चिखल होतो, त्या चिखलावर कोलंबीची पिल्लं वाढतात आणि कोळी बांधवांच्या जाळ्यात येतात. रकाना कुठला यापेक्षा पुढे त्या पानाचं काय होतं हे कळलं तर मूल आयुष्यात विसरणार नाही.

2024 मधे नवी मुंबईतल्याच सीवूड्सचा फ्लेमिंगो तलाव कोरडा पडला तेव्हा तुमच्या पेपरात पण बातम्या आल्या असतील. तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली होती. तिथे कोणी पक्ष्यांची शिकार केली नव्हती, फक्त पाणी यायचं थांबलं, पण फ्लेमिंगो उथळ पाण्यातल्या चिखलावरचं बारीक शेवाळ खातात, आणि पाणीच नाही तर ते शेवाळ राहणार कुठून? सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर हे एवढं जरी काढून दाखवलं तरी पुरे.

शाळांना एवढंच सांगणं आहे की सहल वॉटरपार्कलाच न्यायला हवी असं नाही. ऐरोलीत वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, नोव्हेंबर ते मे या काळात फ्लेमिंगो असतात, फक्त भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून निघा, कारण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि निम्मं काही दिसतच नाही. आणि परीक्षेत रकाने भरायला देण्याऐवजी 'खाडीत येणारं भरतीचं पाणी अडवलं तर कोणाकोणावर परिणाम होईल ते लिहा' असा एखादा प्रश्न घाला, उत्तराला जागा मात्र भरपूर सोडा.

- एक पालक, ऐरोली, नवी मुंबई