काका, मी भिंतीच्या पाठीमागे जाऊन आले

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं फोनवर कळवलं होतं. पण निघताना तुम्ही आणखी एक काम सांगितलं होतंत: "कुठल्या धरणावर काय दिसलं ते सावकाश लिही." ते राहून गेलं होतं. आज लिहायला बसले आहे. तुमचं नाव कुठे लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडं ठेवते आहे. राग मानू नका.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. यंदाच्या मे महिन्यात मी एकटीच मोटरसायकलवर धरणं बघायला निघाले होते. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि मी लहानपणापासून त्यांची नावं फक्त पावसाळ्यातल्या बातम्यांत ऐकलेली. अमुक टक्के भरलं, तमुक क्युसेक विसर्ग सोडला, एवढंच. उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेलं असताना ती कशी दिसतात ते मला बघायचं होतं. भंडारदऱ्यापासून सुरुवात केली. संगमनेर, श्रीरामपूर, नेवासा करत तिसऱ्या दिवशी पैठणला आले, ते जायकवाडी बघायला.

भर दुपारी कॅनॉलच्या कडेच्या रस्त्यावर क्लचची लिव्हर एकदम ढिली पडली. गाडी आचके देऊन बंद झाली. वायर तुटली होती. आसपास सावली नव्हती आणि माझ्याकडे दुसरी वायरही नव्हती. क्लच दोन दिवसांपासून जड लागत होता, तरी मी तसंच रेटत होते. चूक माझीच होती.

तुम्ही सायकलवरून आलात. त्या अख्ख्या प्रवासात भेटलेल्या प्रत्येकाने मला आधी "एकटीच?" असं विचारलं होतं. तुम्ही गाडीशी उकिडवे बसलात आणि विचारलंत, "वायर कधी बदलली होती, बाई?" काका, त्या एका प्रश्नाने मला किती हायसं वाटलं ते तुम्हाला तेव्हा सांगता आलं नाही.

वायरचं तुटलेलं टोक तुम्ही बोटांत धरून उन्हात फिरवलंत. लिव्हरमध्ये अडकणारा टोकाचा शिशाचा गोळा निखळला होता आणि त्याच्याजवळच्या तारा कुंचल्यासारख्या विस्कटल्या होत्या. तुम्ही मला त्यातल्या काही तारा वेगळ्या करून दाखवल्यात. काहींची टोकं काळपट होती, गंजलेली. दोनतीन मात्र चकचकीत. "काळ्या हायेत त्या आधीच तुटल्यात. चकचकीत त्या आज तुटल्या. दोर एका दिवसात तुटत नसतो." मग सांगितलंत की पाटबंधारे खात्यात तुमची सगळी नोकरी धरणाच्या दरवाज्यांवर गेली, दरवाजे उचलणाऱ्या पोलादी दोरांना ग्रीस लावण्यात आणि त्यांच्या तारा मोजण्यात. तिथेही दोर आधी टोकाशी नाहीतर वळणाशी झिजतो, मधे नाही.

घरून तुम्ही एक पत्र्याचा डबा घेऊन आलात. त्यात विजेच्या वायरी जोडायच्या कनेक्टरमधला एक पितळी तुकडा होता, दोन बारीक स्क्रूवाला. विस्कटलेला भाग पकडीने कापलात, वायर त्या तुकड्यातून ओवलीत, दोन्ही स्क्रू आवळलेत आणि तोच तुकडा गोळ्याच्या जागी लिव्हरच्या खाचेत बसवलात. वायर बोटभर तोकडी झाली होती, ती इंजिनाकडच्या अ‍ॅडजस्टरवर ढिली करून भागवलीत. अर्धा तासही लागला नाही. पैसे पुढे केले तर तुम्ही डब्याचं झाकण लावायला घेतलंत.

गाडी चालू होऊनही मी निघाले नाही, कारण तोवर तुम्ही माझ्या फोनमधले भंडारदऱ्याचे फोटो बघायला मागितले होतेत. साठसत्तर फोटो होते. सगळे पाण्याचे, डोंगरांचे, संध्याकाळच्या आभाळाचे. एकच फोटो भिंतीचा होता, तोही दगडावरचे पांढरे ओघळ छान दिसत होते म्हणून काढलेला. नेमका तोच तुम्ही मोठा करून बघितलात. "हा चुना. सांध्यातनं पाणी झिरपताना चुना संगं घेऊन येतं. १९२६ सालची भिंत हाय ती, इतकं चालायचंच. पण मोजत ऱ्हावं लागतं." आणि मग विचारलंत, "भिंतीच्या पाठीमागं गेलीस का?"

गेले नव्हते. धरण बघायला म्हणून निघालेली मी, दोन धरणं बघून झाली तरी पाणीच बघत होते. आपण सगळे तेच करतो. पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, वारा खायचा, फोटो काढायचा. भिंत ज्या बाजूने तोल सांभाळून उभी असते तिकडे कुणी जात नाही.

नंतर तुम्ही मला कुंपणाबाहेर, पायथ्याची चर नाल्याला मिळते तिथे नेलंत, ते मी कधी विसरणार नाही. जायकवाडीची भिंत मातीची आहे, जवळपास दहा किलोमीटर लांब, आणि मातीच्या भिंतीतून पाणी झिरपणारच, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. झिरपलेलं पाणी वाट करून पायथ्याच्या चरीत आणतात. पुढे ते इंग्रजी व्ही सारख्या खाचेतून सोडतात. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की किती झिरपतंय ते कळतं. तुम्ही ओंजळीत पाणी घेतलंत आणि माझ्यासमोर धरलंत. तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. "झिरपतंय याची भीती नाही. गढूळ झालं का भीती." गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, भिंत आतून पोकळ होते आहे. म्हणून तुम्ही लोक रोज सकाळी भिंतीवरून चालत होतात. घुशींची बिळं शोधायची, कुठे झाड रुजलं असेल तर उपटायचं, कारण ते वाळलं की मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. कोरड्या जागी नवी ओल दिसली की वर कळवायचं. दहा किलोमीटर, पायी.

शास्त्रीजींनी १९६५ साली या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिराजींच्या हस्ते लोकार्पण झालं, हे मी घरून वाचून आले होते. सत्तावीस दरवाजे आहेत हेही पाठ होतं. त्या भिंतीवर रोज कोण चालतं हे कुठे वाचल्याचं आठवत नाही.

मी सहज म्हणाले, भंडारदऱ्याला आता पुन्हा जायला हवं. तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याचंच पाणी इथं येतं. प्रवरा पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, फुगवटा थेट तिथवर जातो. आदल्या दिवशी मी त्याच पुलावरून आले होते.

तर काका, पुढच्या प्रवासाचा हा हिशेब.

करमाळ्यावरून उजनीला गेले. एकेचाळीस दरवाजे, आणि पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या कितीतरी खाली. उजनी 'उण्यात' गेली असं दर उन्हाळ्यात वाचते, पण उणे पाणी म्हणजे काय ते तिथे उभी राहून कळलं. साधारण ११७ टीएमसीपैकी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) त्रेसष्टच्या आसपास मृत साठा आहे, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. वापराचं पाणी संपलं की मोजणी शून्याच्या खाली सुरू होते. म्हणजे 'उणे' म्हणतात तेव्हाही अर्ध्याच्या जवळपास धरण भरलेलं असू शकतं. तिथून इंदापूरमार्गे पळसदेवला गेले. पाणी ओसरल्यामुळे जुन्या गावाचं देऊळ उघडं पडलं होतं. चिखल वाळून त्याच्या हातभर रुंद खपल्या झाल्या होत्या आणि शिखराच्या दगडांवर पाण्याच्या पातळ्यांच्या आडव्या रेघा उमटल्या होत्या. गाव उठून वर गेलं, देऊळ खाली राहिलं. तिथे मी फोटो काढला नाही. नुसती बसून राहिले. या भिंतींच्या आत कुणाचं काय बुडालं आहे हे तुमच्या चरीइतकंच बघायला हवं, असं मला वाटलं.

बारामतीत क्लचची वायर बदलली. तुम्ही सांगितलंत तशी आणखी एक नवी वायर घेतली आणि टाकीखालून बसवलेल्या वायरीच्या जोडीने आतापासूनच ओवून ठेवली आहे, दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळून. म्हणजे पुन्हा कुठे तुटली तर फक्त टोकं जोडायची. दूर जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

फलटण, सातारा, पाटण करत कोयनानगरला पोचले. तिथे आधी पाठीमागेच गेले. खालच्या उद्यानातून भिंतीची पाठ दिसते. १०३ मीटर उंचीची ती भिंत मान वर करून बघत असताना मला तिचे पाठीला लावलेले टेकू दिसले. आधी वाचलं नसतं तर ते मूळचेच वाटले असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा भिंतीला वरच्या भागात, जिथे तिची जाडी एकदम कमी होते तिथे, आडव्या भेगा पडल्या. भिंत टिकली. भेगा बुजवल्या आणि नंतर पाठीला काँक्रीटचे टेकू दिले. त्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने धक्क्यांची नोंद टिपली होती, आणि ती नोंद जगभरचे धरण-अभियंते आजही अभ्यासाला घेतात. मला तुमचं वाक्य आठवलं, मोजत राहावं लागतं. गॅलरीत परवानगीशिवाय जाता येत नाही, ते योग्यच आहे. मी खालूनच हात जोडले.

राधानगरीला तुम्ही हवे होतात. शाहू महाराजांनी काम सुरू केलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अपुरं होतं, पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याचा दाब वाढला की आपले आपण उघडतात आणि ओसरला की मिटतात, त्यांना वीज लागत नाही. मे महिन्यात ते मिटलेलेच होते. पण ज्याने सगळी हयात दोरांनी दरवाजे उचलण्यात घालवली, त्या माणसाने त्यांच्यासमोर उभं राहून काय बघितलं असतं, या विचाराने मी तिथे बराच वेळ थांबले.

शेवटी पानशेत आणि खडकवासला. तुमच्या मुकादमांनी नव्या पोरांना पहिल्या दिवशी पानशेतची गोष्ट सांगायची, असा रिवाजच होता म्हणालात. १२ जुलै १९६१. मातीचं धरण, काम अजून पुरं झालेलं नाही आणि पाणी चढत चाललेलं. पाणी सोडायच्या मोरीच्या वरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत फुटलं, आणि तो लोंढा खालच्या खडकवासल्याच्या १८७९ च्या दगडी भिंतीलाही झेपला नाही. मी पानशेतच्या नव्या भिंतीसमोर उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुमची ओंजळ होती. त्यातलं पाणी स्वच्छ होतं, कारण तुम्ही आणि तुमच्यासारखे कितीतरी जण रोज सकाळी ते बघायला जात होतात. त्याबद्दलचे आभार माझ्या एकटीचे नाहीत. त्या भिंतीच्या खाली जी गावं निर्धास्त झोपतात, त्यांनीही ते मानायला हवेत. त्यांच्या वतीने मी मानते. मला अर्ध्या रस्त्यातून परत फिरू दिलं नाहीत, त्याबद्दल माझे वेगळे.

आता एक विचारायचं आहे. खडकवासल्याला भिंतीच्या पाठीमागच्या बाजूला, साधारण कमरेच्या उंचीवर, शेवाळाचा एक लांब पट्टा दिसला. बाकी सगळा दगड कोरडा ठणठणीत आणि तेवढाच हिरवा. फोटो काढला आहे, या खेपेला भिंतीचे फोटो पाण्याहून जास्त आहेत. पण तुम्ही म्हणाला होतात की ओल बोटाने बघावी लागते, आणि तिथपर्यंत हात पोचण्याजोगी वाट नव्हती. ते साधं शेवाळ की आणखी काही, हे तुम्हीच सांगू शकाल.

बारामतीला वायर बदलताना मेकॅनिक जुनी वायर टाकून देत होता. तिच्या टोकाचा पितळी तुकडा मी स्क्रू सोडवून काढून घेतला. तुमच्या डब्यातला आहे, पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडले की फोटोंसकट घेऊन येते.

तुमची,
क्लच वायरवाली