परत पाठवल्याबद्दल आभार, ताई

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवसभरात इतक्या जणी तुमच्याकडे येतात, मी कदाचित तुमच्या लक्षातही नसेन. दुबईत करामा भागातल्या तुमच्या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा आले, तेव्हा नणंदेच्या लग्नाला तीन आठवडे राहिले होते. हात, काखा, अप्पर लिप, सगळीकडचे केस हलाव्यानं, म्हणजे साखरेच्या चिकट पाकानं, एकदम काढून घ्यायचे म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तुम्ही माझा हात दिव्याखाली धरलात, केसांच्या उलट दिशेनं बोट फिरवलंत आणि विचारलंत, "रेझर कधी फिरवलास?" चार दिवस झाले होते. मग दुसरा प्रश्न आला, "रात्री तोंडाला काय लावतेस?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका पार्लरमध्ये गरम वॅक्सच्या पट्टीबरोबर माझ्या ओठावरची सालच निघून आली होती. काळा डाग कितीतरी दिवस राहिला. माझीच कातडी नाजूक, असं समजून मी गप्प बसले. मुरमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइनचं मलम मी तेव्हाही रोज लावत होते. त्या मलमानं कातडीचा वरचा थर हळवा होतो आणि ओढल्यावर केसाबरोबर तोही सुटतो, हे तुमच्याकडून कळलं. "डॉक्टरांना विचार आणि निदान आठवडाभर बंद ठेव," म्हणालात. मुरमांच्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारलंत. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलींना गोळ्या थांबल्यावरही सहा महिने तुम्ही हात लावत नाही.

आणि मला परत पाठवलंत. खुर्ची रिकामी होती, मी पैसे द्यायला तयार होते, तरीही. खरं सांगते, मला त्या क्षणी रागच आला होता.

पण नुसतं परत नाही पाठवलंत, शेजारी बसवून सगळं समजावलंत. केस तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे ५-६ मिलिमीटर हवा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हणून रेझरनंतर दोन-अडीच आठवडे थांबायचं. त्याहून आखूड केस हलाव्याच्या पकडीत येत नाही, मधेच तुटतो आणि मग कातडीच्या आत वळतो. माझ्या काखेत सारखं केसतूड का उठायचं, त्याचा उलगडा तिथं झाला. दोन दिवस आधी ओल्या पंच्यानं अंग हलक्या हातानं चोळायचं, म्हणजे मेलेली कातडी निघते. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मात्र घासायचं नाही. उन्हात रापलेल्या अंगानं यायचं नाही. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस टाळायचे, कारण तेव्हा दुखतं जास्त. येताना तेल, लोशन, डिओ काही नको, आंघोळ कोमट पाण्याची आणि कपडे सैल, सुती.

मी अठरा दिवस थांबले. रेझर हातात घेऊन दोनदा परत ठेवला.

दुसऱ्या खेपेला तुमच्या हातातला तो हलाव्याचा गोळा मी नीट पाहिला. साखर, लिंबू, पाणी, बस्स. संक्रांतीला आई तिळगुळासाठी गोळीबंद पाक करते, त्याच मधाळ रंगाचा. बोटांनी ओढून ओढून तुम्ही तो पांढुरका, मऊ केलात. आधी पावडर लावून घाम टिपलात. गोळा केसांच्या उलट दिशेनं पसरलात आणि केसांच्या दिशेनं झटक्यात ओढलात. पट्टी नाही, चटका नाही. दुखलं, नाही कसं म्हणू? पण तुमचा दुसरा हात लगेच त्या जागेवर दाबलेला असायचा, आणि उरलासुरला चिकटपणा साध्या पाण्यानं निघून गेला. ओठ थोडा वेळ लाल राहिला, एवढंच.

लग्नात मी बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं. किती वर्षांनी, ते तुम्हाला सांगायचंच होतं.

ताई, पुढच्या गुरुवारी येतेय. मलम डॉक्टरांना विचारून बंद केलंय आणि मंगळवारी पंचा विसरणार नाही. आईनं थालीपिठाची भाजणी पाठवलीय. त्यातला एक डबा तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.

तुमची,
अठरा दिवस थांबलेली मुलगी