मॅडम, सुपातला तो हरभऱ्याचा दाणा

मॅडम, नमस्कार,

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुमची बदली झाली तेव्हा मी माहेरी होते, आईचं ऑपरेशन होतं, त्यामुळं निरोपाला येता नाही आलं आणि ते मनाला लागून राहिलंय. फोन करते म्हटलं तर बोलायच्या आधी रडूच येतं, म्हणून इथंच लिहिते. आपल्या गावातल्या, आजूबाजूच्या गावातल्या बायाही वाचतील, त्यांनाही कळू दे तुम्ही काय केलं ते.

लेक आता बेलोऱ्याच्या नवोदयमधी आहे, म्हणजे पाचवीत परीक्षा देऊन सहावीपासून घेतात त्या केंद्र सरकारच्या राहण्याच्या शाळेत. घरून गेली तेव्हा तिची पेटी उचलून देताना तिचे बाबा म्हणाले, "मॅडम नसत्या तर आपण हिले कवाच भलत्या शाळेत घातलं असतं." खरंच आहे ते.

जून 2023 मधली गोष्ट. लेक तिसरी पास झाली होती आणि आम्ही ठरवलं होतं की आता तालुक्याच्या गावी कॉन्व्हेंटमधी टाकायची, ऑटो लावायचा, गल्लीतली चार पोरं जातच होती. नवोदयची परीक्षा द्यायची म्हणजे शहरातलीच शाळा पाहिजे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून काय होते, असं सगळेच म्हणत होते आणि मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. ॲडव्हान्स म्हणून 5000 रुपये भरूनही आलो होतो. टीसीचा अर्ज घेऊन हे शाळेत आले तर तुम्ही अडवलं नाही की रागावलं नाही, फक्त म्हणालात, "टीसी उद्या देते, आज संध्याकाळी घरी येऊन दहा मिनिटं बोलते."

आलात. मी ओट्यावर तूर निवडत बसली होती. तुम्ही चहा नंतर म्हणालात आणि माझ्याच सुपातून 80 दाणे मोजून घेतले, नवोदयच्या एका वर्गात इतक्याच जागा म्हणून. मग त्यातले 60 एका बाजूला सारले. हे गावातल्या पोरांचे, कमीत कमी 75 टक्के. राहिलेले 20 दाखवून म्हणालात की लोक याला शहराचा कोटा म्हणतात पण तसं नाही, या 20 मधी शहरातलं पोरगंही येते आणि गावातलंही, मार्कावर. म्हणजे गावच्या पोराला दोन्ही ढीग उघडे आणि शहरातल्या पोराला हा एकच लहान ढीग. मग डब्यातून हरभऱ्याचा एक दाणा काढायला लावला, ही तुमची लेक म्हणालात, आणि 60 च्या ढिगात ठेवला. ग्रामीणचा हक्क पाहिजे तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण खेड्यातल्याच शाळेत पाहिजेत, त्यात एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव लागलं तरी पोरगी शहरी धरली जाते. असं म्हणून तुम्ही तो हरभरा बोटानं ढकलत त्या 20 च्या ढिगात नेला. तिचे बाबा तोपर्यंत खाटेवर होते, ते खाली येऊन बसले. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. ते 5000 काही परत मिळाले नाहीत, पण टीसीचा अर्ज यांनी त्याच रात्री फाडला.

मॅडम, हा नियम काही लपवलेला नाही, माहितीपत्रकात छापलेलाच असतो. पण ते वाचते कोण, आणि वाचलं तरी आमच्यासारख्याला त्यातून काय समजते. आमच्या गल्लीतली जी चार पोरं तिकडं गेली त्यांच्यापैकी एकाच्याही मायबापाला हे माहीत नव्हतं. त्यातल्या एका पोराचं डोकं आमच्या लेकीपेक्षा तेज आहे हे मी मनापासून सांगते, त्याचं मला आजही वाईट वाटते.

मुलींच्या जागांचंही तुम्हीच सांगितलं, एकूण जागेच्या एक तृतीयांश तरी मुलींनी भरायच्या असतात. एससी-एसटीच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि त्या 15 आणि साडेसात टक्क्यांच्या खाली जात नाहीत, आपल्या जिल्ह्यात आदिवासी जास्त म्हणून त्यांच्या जागाही जास्त. ओबीसीला 27 टक्के, पण केंद्राच्या यादीप्रमाणे. इथं आम्ही परत अडकलो असतो. आमच्याकडं जातीचा दाखला होता, पण राज्याचा. तुम्ही पाचवीच्या दिवाळीआधीच यांना सेतूत पाठवलं की केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा, यादी लागल्यावर पळापळ नको. कापूस वेचणीचे दिवस, माणसं मिळेना, हे चिडले होते तुमच्यावर. तरी तीन चकरा मारून काढला.

आणि तो माणूस, नाव नाही घेत, जो घरी येऊन म्हणाला की वरती ओळख आहे, नंबर लावून देतो, अर्धे पैसे आता द्या, अर्धे यादी लागल्यावर. सासूबाई तर तयारच झाल्या होत्या, गळ्यातली पोत मोडायची म्हणून. तुम्ही त्यांच्याजवळ बसून सांगितलं, आजी, पेपर सीबीएसई घेते, उत्तरं मशीन तपासते, यात मॅनेजमेंटची सीटच नसते तर हा कुठून देणार, फॉर्मलाही एक रुपया लागत नाही. सासूबाईंची पोत वाचली मॅडम. त्या अजूनही सांगतात येणाऱ्या-जाणाऱ्याले.

शिकवण्याबद्दल काय लिहू. 80 प्रश्न, 100 मार्क, 2 तास, त्यातले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, आकृत्यांचे. आमच्या पोरांनी तोपर्यंत असा कागद पाहिलाच नव्हता. तुम्ही स्वतःच्या पैशानं ओएमआरच्या, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, झेरॉक्स आणल्या, ज्वारीच्या दाण्याएवढे ते गोल, आणि पोरांना रोज शाळा सुटल्यावर पेनानं भरायला लावायचे, गोलाबाहेर शाई गेली की परत. लेकीची बोटं इतकी निळी व्हायची की जेवताना भाकरीला लागायची. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, कोरं काहीच सोडू नको, हे तुम्ही तिला इतक्यांदा सांगितलं की ती झोपेत बडबडायची. ही परीक्षा परत देता येत नाही, एकदाच, म्हणून माझ्या पोटात गोळा असायचा. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत की लागेलच. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणालात की तयारी चांगली आहे, पुढचं माझ्या हातात नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटते तेच बरं केलं.

18 जानेवारी 2025 ला पेपर झाला. मार्चमधी यादी आली, तिच्यात नंबर नव्हता. लेक दोन दिवस जेवली नाही, गावात लोक विचारायचे काय झालं वो, मी हांडा घेऊन मागच्या बाजूनं जायची. तुम्ही घरी आलात आणि समजून सांगितलं की यादी लागली म्हणजे दार बंद झालं असं नाही, निवडलेली काही पोरं जातच नाहीत, काहींचे कागद जुळत नाहीत, त्या जागा मग वेटिंगमधून भरतात, म्हणून तिचे कागद एका पिशवीत नीट ठेवा आणि फोन बंद ठेवू नका. पेरणीच्या तोंडावर खरंच फोन आला. हे वावरात होते, सरकी टोबत होते, तसेच चिखलाच्या पायानं घरी आले. कागद तपासायला गेलो तर त्या बाबूंनी आधी तिसरी-चौथी-पाचवीचा शाळेचा दाखला पाहिला, मग केंद्राचा जातीचा. दोन्ही वर होते. मला त्या वेळी फक्त तो हरभऱ्याचा दाणा दिसत होता.

सासूबाई आधी म्हणायच्या, पोरीच्या जातीले इतक्या दूर कायले धाडता. आता महिन्याच्या भेटीला सगळ्यात आधी त्याच तयार होऊन बसतात, डब्यात रोडगे बांधून. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे, कशालाच पैसे लागत नाहीत. नववीत काही पोरं वर्षभर हिंदी भागातल्या नवोदयमधी पाठवतात, तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून भीती नाही वाटत, थोडी वाटते, पण तिला तर आताच जायचंय.

मॅडम, तुमच्या उरलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा आमच्याच घरी राहिला होता. नवीन सरांना नेऊन दिला. यंदा तिसरीतल्या एका पोरीची माय टीसी काढायला निघाली होती, तिला मी घरी बोलावून सूप घेऊन बसली, तुमच्यासारखं नाही जमलं, मधीच मोजणी चुकली, पण तिला समजलं.

दिवाळीत लेक येणार आहे. तिला तुमच्या नव्या गावाला यायचंच आहे, बसचा टाइम विचारून ठेवलाय यांनी. तुमच्या घरी येऊ का शाळेतच येऊ ते तेवढं कळवा.

तुमची,
चौथ्या रांगेत बसायची त्या पोरीची आई