दहावीच्या सवलतींचे कागद आत्ताच लावा

नमस्कार पालकहो,
अध्ययन अक्षमता (वाचता-लिहिताना येणारी अडचण) असलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक (उत्तरं लिहून देणारा मदतनीस) किंवा जादा वेळ हवा असेल, तर प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो. आपली सांगलीही त्यातच येते. दिवाळीपर्यंत थांबू नका. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलला एका खेपेत काम होईलच असं नाही.

अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे मागताना संकोच नको. तासामागे जादा २० मिनिटं खूप असतात हो!

आणि लेखनिकासोबत सराव करून घ्याच. आमचा मुलगा आधी गप्प बसायचा. लेखनिक मुलीला "थांब, परत वाच" म्हणायला शिकला, तेव्हा कुठे त्याचा पेपर पुरा व्हायला लागला.

फॉर्म भरताना अडलं तर ग्रुपवर विचारा, मी सोबत येईन.