आंगणेवाडीच्या जत्रेतल्या खाजेवाल्या काकींना

ती. काकींस,
सा. न. वि. वि.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर. ओळख पटावी यासाठी खूण: आकाशपाळण्यासमोरची रांग, निळी ताडपत्री, आणि परातीतल्या खाज्यावर, म्हणजे गुळात घोळवलेल्या बेसनाच्या काड्यांवर, ठेवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, ‘अर्धो किलो, मुंबय’.

त्या पुठ्ठ्याचे आभार मानायचे आहेत.

कढईतून नुकताच उतरलेला खाजा हवा म्हणून गिऱ्हाईक हट्ट धरतं आणि दुकानदार तो पुरवतो, ही जत्रेची रीत. गरम माल, गरम नोट. तुम्ही मात्र पिशवी बाजूला सारलीत आणि म्हणालात, “पाऊण तास थांब गो. गरम बांधलंस तर घाम सुटतलो.” वजन करून माल परातीत पसरलात, चिठ्ठी ठेवलीत आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. पैसे घेतले नाहीत. “मगे दी.”

घाम सुटतो म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण पत्र चारचौघं वाचणार, त्यांच्यासाठी लिहिते. खाज्याच्या बेसनाच्या काडीवर गुळाचा पाक बसलेला असतो. पाकात काड्या टाकल्यावर खाली उतरवून परतत राहायचं. गुळाची चकाकी जाऊन तो पांढुरका, कोरडा दिसू लागला की काड्या सुट्या होतात. त्या दिसायला कोरड्या झाल्या तरी पोटात ऊब धरून असतात. अशात प्लॅस्टिक बांधलं की वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. गूळ मुळातच ओलावा ओढणारा. तो ते थेंब पितो, पाझरतो, आणि रात्रभराच्या प्रवासानंतर पिशवीतून निघतो तो एक तपकिरी गोळा. बत्त्याने फोडावा लागतो, नाहीतर चमच्याने खरवडावा लागतो.

असे गोळे मुंबईत घरोघरी पोचलेत. महामार्गावरच्या काही थांब्यांवर पिशवीची कड मेणबत्तीवर धरून चिकटवतात, वर ‘ताजा, गरम’ म्हणून मिरवतात. आत काय होणार हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. गिऱ्हाईक परत येणार नाही, हेही ठाऊक असतं. त्यातले काही तर चिकीचा गूळ वापरतात. तो काचेसारखा कडक होतो, चिकीला उत्तम. खाज्यात घातला तर काड्या एकमेकींना धरून बसतात आणि तो पांढुरका कोरडेपणा येतच नाही. खाज्याला साधा, कोरडा, पिवळसर गूळ हवा. ओलसर, काळपट ढेप घेतली तर पाक कितीही आटवा, चिकटच राहतो.

तुमच्या कढईशी उभं राहून जे दिसलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. बेसनात मीठ, चिमूटभर हळद, कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट, काडी करंगळीपेक्षा बारीक. आच मंद. घाई करून मोठ्या आचेवर तळलं की बाहेरून रंग येतो आणि मधला गाभा कच्चा राहतो. तोच ओलावा दुसऱ्या दिवशी बाहेर येऊन काडी मऊ पाडतो. तेलातले बुडबुडे शांत होईपर्यंत तुम्ही झारा घातला नाहीत. मग काड्या पूर्ण गार. किलोभर काड्यांना पाऊण ते एक किलो गूळ, भिजण्यापुरतं पाणी, आल्याचा रस, सुंठ, तीळ. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकलात, बोटांत गोळी वळली, आणि लगेच काड्या आत. गोळी होण्याआधी घातल्या तर लिबलिबीत, फार उशिरा घातल्या तर परतायला वेळच मिळत नाही, ढेकळं होतात. मधला अवकाश मिनिटभराचा, आणि त्याच मिनिटात तीन माणसं भाव विचारत होती.

पाऊण तासाचं काय करायचं? भराडीदेवीच्या जत्रेत वेळ घालवायला शिकवावं लागत नाही. दर्शनाची रांग सकाळीच आटपलेली होती. समोर उसळ-पाव, कांदाभजी, पलीकडे खटखट्या लाडवांचे ढीग, पिपाण्या, बांगड्या, मौत का कुआँच्या फळ्यांवर फिरणाऱ्या मोटरसायकलींचा थरथराट. आकाशपाळणेवाला तुमच्याच जातकुळीचा निघाला. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून त्याच्या बरोबर समोरचा भरायचा. ओळीने एकाच बाजूचे भरले तर जड बाजू खाली ओढते, मोटर कण्हते आणि थांबवताना पाळणे हिसके देतात. तिकिटं पटापट फाडायची तर ओळीनेच भरणं सोपं. तो शिव्या खात होता, पण समोरासमोरच भरत होता. जत्रेला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे बघूनच पाळण्यात बसावं.

परत आल्यावर जे दिसलं, त्यासाठी खरं तर हे पत्र. दुकानातला माल संपत आलेला. परातीत एकच ढीग, त्यावर ती चिठ्ठी. एक गृहस्थ पाकीट उघडून उभे, दुप्पट देतो म्हणत होते, गाडी सुटायची घाई होती. तुम्ही वर न बघता म्हणालात, “तां दिलेलां आसा.” दिलेलं? एक रुपयाही हातात आला नव्हता. एवढ्या गर्दीत अनोळखी माणूस परत येईलच याची खात्री तुम्हाला कुणी दिली होती? मग डबा काट्यावर ठेवून आधी आकडा शून्यावर आणलात, मग खाजा भरलात. डब्याचं वजन खाज्याच्या भावाने विकणाऱ्यांच्या गर्दीत ही गोष्ट कुणी मागितली नव्हती.

चांगुलपणा म्हटलं की लोक देणग्या आणि फलक दाखवतात. जत्रेच्या वाटेवर शुभेच्छांचे फलक तर इतके असतात की झाडं दिसत नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरी, तीन दिवसांनी, आपल्या पाठीमागे काय उघडलं जाईल याची फिकीर करणं चांगुलपणात मोडत नाही का? त्याचा फलक कुणी लावत नाही, आणि तुम्ही लावून घेतलाही नसतात.

डबा दहा दिवसांनी उघडला तरी काड्या खडखडतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, कोरडा हात, फ्रिज वर्ज्य, कारण बाहेर काढला की थंड गुळावर दव धरतं. शेजाऱ्यांकडे गेलेला थोडा उघडा राहून मऊ पडला होता. ताटात पसरून तासभर उन्हात ठेवल्यावर बराचसा सुधारला. तळाशी उरलेली आल्याच्या वासाची गुळाची भुकटी चहात जाते आहे.

या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलानेच ठरते. तारीख फुटली की गाड्यांची तिकिटं हातोहात जातात, पण ती धावपळ आमची. तुम्ही पुढच्या खेपेला तेवढा एक किलोचा पुठ्ठा लिहून ठेवा. सुंठ जरा चढी चालेल. आणि पैसे आधी घ्या.

तुमची,
‘अर्धो किलो, मुंबय’