आमदारांचा आकडा कळतो, माणूस कळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजकारणावरच्या वेब सिरीज बघतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, रोज पेपरात तेच वाचता ना, मग रात्री परत तेच कशाला? पण पेपरात ते नसतंच हो. पेपरात आकडा असतो. आमच्या गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ गेले, दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की आमदारकी जात नाही, हा हिशेब तर आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ झालाय. २०२२ च्याच जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली होती. अशी शपथ घेतलेला माणूस पक्ष सोडायच्या आदल्या रात्री घरी जेवायला बसतो तेव्हा काय बोलतो, देवभोळ्या आईला काय सांगतो, ते कुठल्या बातमीत येणार?

ते सिरीजमध्ये येतं. डेन्मार्कची 'बोर्गेन' बघा. बिर्गिट पंतप्रधान आहे, १७९ जणांच्या संसदेत आघाडी टिकवायची म्हणून दिवसभर एकेकाची समजूत काढते, आणि इकडे संसार मोडतो, मुलगी मनाने आजारी पडते. सरकारी हॉस्पिटलात वेटिंग लिस्ट, म्हणून ती मुलीला खाजगी ठिकाणी ठेवते आणि तिथेच पत्रकार धरतात की तुमचं धोरण एक आणि तुमची मुलगी दुसरीकडे कशी. त्या वेळी तिचा पक्ष कुठला हे मी साफ विसरलो, फक्त आता ही बाई काय करणार एवढंच डोक्यात. आपल्या 'सिटी ऑफ ड्रीम्स'मध्ये मारामारी आणि शिव्या मला जरा जास्त वाटल्या, पण अमेयराव आणि पौर्णिमा हे बाप-लेक समोरासमोर आले की रिमोटला हात जात नाही.

आणि बाप-लेकीची गोष्ट तर आपल्याकडे खरीखुरी घडलीय! गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचे, तरी सार्वमत निःपक्षपाती व्हावं म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला, १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं आणि ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. ज्या गोष्टीवर सगळं लावलं ती गेली, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. त्या मधल्या दिवसांत हा माणूस कसा राहिला असेल, काय विचार करत असेल, यावरच पाच एपिसोड होतील. पुढे १९७३ मध्ये ते गेले आणि मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर आल्या, बापाच्या दुःखातून सावरायच्या आत बापाचाच पक्ष सांभाळायचा, आणि १९७९ मध्ये सरकार पडलं ते विरोधकांमुळे नाही, स्वतःच्याच पक्षातले फुटल्यामुळे.

जत्रेत रात्रभर जागून नाटक बघणारा आमचा प्रेक्षक आहे, कलाकार तर गावोगाव आहेत. आरती नको आणि बदनामीही नको, जिद्द, राग, चूक सगळं असलेली माणसं हवीत. गोव्यातल्या लेखक-निर्मात्यांनी हे मराठीत नक्की करावं, आणि लवकर करावं, कारण सार्वमताला मतदान केलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसलं तर पेपरात न आलेलं पुष्कळ अजून मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा